जुन्या कोब्यावर दोन बाय चार फुटी पोर्सिलेन टाइल्स स्वतः बसवता येतील का?

बोरीकाठ (पारोळा, जि. जळगाव)

नमस्कार मंडळी. आमचे घर काळ्या जमिनीत मुरूम भरून घेतलेल्या जोत्यावर बांधलेले आहे. तळमजल्यावरील बैठकीची खोली बारा बाय अठरा फुटांची असून तिच्यात जुना सिमेंटचा कोबा आहे. कोबा एकंदरीत मजबूत आहे, मात्र एका कोपऱ्यापासून मधल्या दारापर्यंत एक तिरपी भेग गेलेली आहे आणि पाणी सांडले की ते मागच्या भिंतीशी जाऊन साचते. या खोलीत ६०० बाय १२०० मिलिमीटरच्या पोर्सिलेन टाइल्स थोरल्या भावाच्या मदतीने स्वतःच बसवाव्यात असा विचार आहे. प्लास्टर, मोजमाप आणि ग्राइंडरचे काम आम्हा दोघांनाही येते, परंतु एवढ्या मोठ्या टाइलला आजवर हात लावलेला नाही.

गावातील मिस्त्रींचे म्हणणे असे की कोबा फोडावा, दीड-दोन इंच वाळू-सिमेंटचा माल टाकावा आणि त्यावर सिमेंटचा घोळ ओतून टाइल ठोकून बसवावी. दुकानदार सांगतो की कोब्यावरच टाइल चिकटवण्याच्या तयार मालाने, म्हणजे अ‍ॅडहेसिव्हने चिकटवा. कोणाचे ऐकावे, भेगेचे काय करावे, आणि मे महिन्याच्या सुट्टीत हे काम उरकता येईल काय, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

पांझराकाठ (धुळे)

बोरीकाठ भाऊ, मी स्थापत्य अभियंता आहे, म्हणून टाइलच्या आधी भेगेविषयी लिहितो. बाकीचे निर्णय तिच्यावरच अवलंबून आहेत.

आपल्या तापी खोऱ्यातील काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. एप्रिलमध्ये कपाशीच्या रिकाम्या वावरात ज्या भेगा दिसतात, त्यांच्यामागची हालचाल जोत्याखालीही, कमी प्रमाणात का होईना, चालू असते. त्यामुळे कोब्यातील भेग दोन कारणांनी पडलेली असू शकते. कोबा सुकताना आक्रसून पडलेली भेग वर्षानुवर्षे तशीच राहते आणि तिचा फारसा उपद्रव होत नाही. भराव खचल्यामुळे किंवा खालची माती हलल्यामुळे पडलेली भेग मात्र ऋतूप्रमाणे उघडते व मिटते, आणि पुष्कळदा तिची एक कड दुसरीपेक्षा वर आलेली असते. भेगेवरून आडवे बोट फिरवले तरी हा फरक जाणवतो. खात्री करायची असेल तर भेगेवर दोन-तीन ठिकाणी काचेच्या अरुंद पट्ट्या आडव्या ठेवून त्यांची दोन्ही टोके इपॉक्सीने पक्की चिकटवावीत आणि एक पावसाळा जाऊ द्यावा. पट्टी तडकली, तर भेग हलते आहे.

भेग स्थिर असेल तर ती साफ करून भरावी आणि तिच्यावर भेगरोधक मेम्ब्रेनचा (कोबा आणि टाइल यांच्यामध्ये घालायच्या लवचिक थराचा) पट्टा, किंवा संपूर्ण खोलीत अनकपलिंग मेम्ब्रेन घालून पुढे जावे. मेम्ब्रेन थोडी आडवी हालचाल सोसते. एक बाजू खाली व दुसरी वर जात असेल, तर बाजारातील कोणतेही मेम्ब्रेन टाइल वाचवू शकत नाही. अशा वेळी कोबा काढून, मुरूम पाणी मारून थरांनी दाबून, नवा काँक्रीटचा थर घालणे हाच उपाय आहे, आणि तो नवा थर किमान २८ दिवस झाल्याशिवाय त्यावर टाइल लावू नये. गच्चीच्या पाइपाचे आणि मोरीचे पाणी जोत्यालगत मुरत असेल, तर ते आधी दूर न्यावे. ते तसेच ठेवून आत कितीही खर्च केला तरी भेग पुन्हा वर येईल.

ओलीची तपासणीही करावी. दीड फूट चौरस जाड प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने कोब्यावर बंद करून एक दिवस ठेवले, आणि खाली थेंब जमले किंवा कोबा काळपट पडला, तर जमिनीतून ओल चढते आहे असे समजावे. हीच तपासणी मे महिन्यात केली तर निकाल फसवा येण्याचा संभव आहे; पावसाळा संपता-संपता केलेली अधिक भरवशाची.

सातपुडा पायथा (शहादा)

माझा फरशी बसवण्याचाच व्यवसाय आहे. मिस्त्री आणि दुकानदार या वादात मी दुकानदाराच्या बाजूने आहे, पण मिस्त्रींची पद्धत चुकीच्या ठिकाणाहून आलेली नाही हेही सांगतो. शहाबादी फरशी जाड, जड आणि खालून खडबडीत असते, मोझॅक टाइल सिमेंटचीच असते. घोळ त्यांना धरून ठेवतो. पोर्सिलेनचे तसे नाही. ती वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही, म्हणजे सिमेंटचा घोळ तिच्या अंगात शिरतच नाही, नुसता पाठीला टेकून वाळतो. काही महिन्यांनी काठी आपटली की पोकळ आवाज येतो तो यामुळे. अ‍ॅडहेसिव्हच्या पिशवीवर आयएस १५४७७ हे भारतीय मानक आणि प्रकार छापलेला असतो. त्यातला प्रकार १ साध्या सिरॅमिकसाठी आहे, तो स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. मोठ्या टाइलसाठी पॉलिमरयुक्त प्रकार ३ घ्यावा.

आता पातळीविषयी. या मापाच्या टाइलसाठी तीन मीटरच्या पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसू नये. तुमच्याकडे पाणी मागच्या भिंतीशी साचते, म्हणजे तेथे खोलगट भाग किंवा उतार आहे. उंचवटे ग्राइंडरने घासावेत, खोलगट भाग प्रायमर मारून सेल्फ-लेव्हलिंग (आपोआप पसरून सपाट होणाऱ्या) मालाने भरावा. तो खड्डा अ‍ॅडहेसिव्हनेच भरण्याचा मोह टाळावा, कारण जाड थर वाळताना आक्रसतो आणि टाइल एका कोपऱ्याने खाली ओढतो. लेव्हलिंग क्लिपांवर अलीकडे लोकांचा फार विश्वास बसला आहे. क्लिप शेजारच्या दोन कडा एका पातळीत धरते, एवढेच तिचे काम. वाकडा कोबा ती सरळ करत नाही.

बसवण्याआधी टाइल उलटी करून पाठीवरून हात फिरवा. बोटांना पांढरी भुकटी लागेल. भट्टीत टाइल चिकटू नये म्हणून लावलेला तो थर असतो आणि तो ओल्या स्पंजने पुसला नाही, तर अ‍ॅडहेसिव्ह टाइलला न चिकटता त्या भुकटीला चिकटते. मग कोब्यावर १० किंवा १२ मिलिमीटर दातांच्या थापीने माल ओढावा, आणि सर्व रेघा टाइलच्या आखूड बाजूला समांतर ठेवाव्यात. गोलगोल नक्षी काढली की मध्ये हवा अडकते. टाइलच्या पाठीलाही सपाट थापीने पातळ हात द्यावा. टाइल ठेवल्यावर ती रेघांना काटकोनात थोडी पुढे-मागे सरकवून दाबली की रेघा मोडून हवा बाहेर पडते.

पहिली टाइल बसली की लगेच उचलून पाहा, वाईट वाटले तरी. पाठीवर सलग माल दिसायला हवा. रेघा तशाच उभ्या राहिलेल्या आणि कडेला दोन बोटे कोरी जागा दिसली, तर थापीचा कोन किंवा मालाचे पाणी बिघडले आहे. कोरड्या खोलीत किमान ८० टक्के आणि ओल्या जागी ९५ टक्के माल लागलेला असावा असे सांगतात. पण कोपरे पूर्ण भरलेले असले पाहिजेत, कारण पलंगाचा पाय नेमका तेथेच येतो.

एक टाइल पंधरा किलोच्या आसपास भरते. दोन माणसे आणि सक्शन कप हवेतच. तुम्ही दोघे भाऊ आहात हे चांगले, तरी सुरुवात बैठकीत न करता कोठीच्या खोलीत करावी.

केळीबाग (रावेर)

बोरीकाठ दादा, मे महिन्याच्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिले नाही, म्हणून लिहिते. आम्ही घरीच दोन खोल्या केल्या, त्या दिवाळीनंतर. अ‍ॅडहेसिव्ह कोब्यावर ओढल्यावर साधारण वीस मिनिटे टाइल धरते असे पिशवीवर लिहिलेले असते, परंतु ते माफक तापमानासाठी असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, दारातून गरम वारा येतो, आणि मालावर पाहता-पाहता साय धरते. बोट लावून पाहावे; माल बोटाला चिकटला नाही, तर तो खरवडून टाकावा. त्यावर पाणी शिंपडून किंवा बादलीत नव्याने पाणी घालून तो जिवंत होत नाही.

उन्हाळ्यातच करणे भाग असेल तर पहाटे सुरुवात करून ऊन चढण्याआधी थांबावे, पंखा बंद ठेवावा, पिशव्या सावलीत आणि पाणी रांजणातले वापरावे, कोबा आदल्या रात्री ओला करून सकाळी वर पाणी राहणार नाही असा पुसावा, आणि एका वेळी एकाच टाइलपुरता माल ओढावा. माझे स्पष्ट मत मात्र असे की नोव्हेंबरपर्यंत थांबावे. पांझराकाठ भाऊंनी सांगितलेली काचेची परीक्षाही त्या निमित्ताने पूर्ण होईल.

खरेदीबाबतही एक गोष्ट. आपल्याकडे बहुतेक टाइल्स गुजरातेतील मोरबीहून येतात; सर्व खोक्यांवरचा बॅच क्रमांक आणि शेड एकच आहे ना, हे गाडीतून उतरवतानाच पाहावे आणि दहा टक्के जास्त घ्यावे. दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून उभ्या धरल्या की मध्यभागी किती फुगीरपणा आहे तेही दिसते. लांब टाइलला थोडा बाक असतोच, म्हणून विटांसारखी निम्म्यावर सांधा येणारी रचना करू नये. ती केल्यास एका टाइलचा उंच मध्य दुसऱ्या टाइलच्या सखल टोकाशी येतो. सांधा एक-तृतीयांशावर घ्यावा, किंवा सरळ रांगा ठेवाव्यात.

आणि कापताना पाणी सोडून कापावे. कोरड्या ग्राइंडरने उडणाऱ्या धुळीत सिलिका असते व ती फुप्फुसात बसते. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क लागतो.

बोरीकाठ (पारोळा, जि. जळगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भेगेवर पट्टी ठेवून पाहिली; दोन्ही कडा एका पातळीत आहेत. काचा आज लावतो आणि काम दिवाळीनंतर करू. दोन शंका उरतात: अ‍ॅडहेसिव्ह किती आणावे, आणि जमीन वर आल्यामुळे दाराची फळी घासेल काय?

सातपुडा पायथा (शहादा)

खोली सुमारे वीस चौरस मीटर आहे. पाठीला हात देऊन काम केल्यास चौरस मीटरला सहा ते आठ किलो लागतात, म्हणजे वीस किलोच्या सहा ते आठ पिशव्या. आठ आणाव्यात आणि उरलेली बंद पिशवी परत घेण्याचे दुकानदाराशी आधीच ठरवावे.

उंची नऊ मिलिमीटरची टाइल आणि चार-पाच मिलिमीटरचा माल मिळून अर्ध्या इंचाहून थोडी जास्त वाढेल. मेम्ब्रेन घातल्यास त्याचीही जाडी धरावी. टाइलचा एक तुकडा आणि त्याखाली तेवढ्याच जाडीचे पुठ्ठे दाराखाली सरकवून पाहावे; दार पूर्ण उघडत नसेल तर फळी आधीच उतरवून खालून घासावी, कारण टाइल्स बसल्यावर कोणालाही त्यांच्यावर पाय ठेवू द्यायचा नसतो. निदान एक दिवस तरी नाहीच.

सांधे तीन मिलिमीटरचे ठेवावेत आणि ग्राउट, म्हणजे सांधे बुजवण्याचा माल, दुसऱ्या दिवशी भरावे. भिंतीलगत सहा मिलिमीटरची फट चारही बाजूंनी मोकळी सोडावी. तिच्यात ग्राउट किंवा उरलेला माल भरू नये. जमीन उष्णतेने पसरते तेव्हा ही फट नसेल, तर मधल्या टाइल्स तंबूसारख्या वर उचलल्या जातात. फट स्कर्टिंगखाली झाकली जाते. स्कर्टिंग भिंतीला चिकटवावे, जमिनीला नव्हे.