मारुती ८००चं इंजिन घरी बांधतोय, रिंगांचं विचारायचंय

जुळेसोलापूरकर: वडिलांची कार्बोरेटरवाली ८००. निळा धूर, ऑइल पिते. ब्लॉक (इंजिनचा सिलेंडरवाला सांगाडा) अक्कलकोट रोड एमआयडीसीत बोरिंगला, म्हणजे सिलेंडर कापून मोठे करायला दिलाय, ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन आणलेत. इंजिन बांधायची पहिलीच वेळ. पिस्टनवरच्या रिंगच्या दोन टोकांमधला गॅप मोजायचाच का? दुकानदार म्हणतो, "नवा माल आहे, घाला बिनधास्त."

नानामिस्त्री: मोजायचाच! रिंग एकटी बोअरमध्ये, म्हणजे सिलेंडरच्या भोकात घाल, पिस्टन उलटा धरून खाली ढकल, म्हणजे सरळ बसते. मग टोकांच्या फटीत फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). मूळ बोअर ६८.५, आता ६९ मिमी. पाव मिलिमीटरच्या आसपास ठीक, पण पक्का आकडा मॅन्युअलचाच धर. फट कमी पडली की तापल्यावर टोकं भिडतात आणि रिंग बोअर ओरबाडते. तिन्ही सिलेंडरच्या रिंगा वेगवेगळ्या ठेव रे बाबा. दुकानदाराचं काय जातंय बोलायला!

गॅरेजवाली: नाना बरोबर. बोरिंगहून आलेला ब्लॉक गरम साबणपाण्यानं ब्रश मारून धुवा. पांढरं फडकं काळं निघायचं थांबलं की लगेच ऑइलचा हात, नाहीतर गंज धरतो. मेन बेअरिंगच्या (क्रँकशाफ्ट धरणाऱ्या) कॅप नंबर आणि बाण बघूनच लावा.

जुळेसोलापूरकर: न्हाणीत ब्लॉक नेला तर आई घरात घेणार नाही, अंगणातच धुतो. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानं बोल्ट आवळायचा पाना) आसरा चौकाच्या बाजूला कुणाकडे आहे का?