भाड्याने दिलेल्या घरातील हॉट टबचे पाणी एका दिवसात गढुळते. क्लोरीन कमी करावे की वाढवावे?

मुळशीचे यजमान

नमस्कार. मुळशी धरणाच्या परिसरात आमचे चार खोल्यांचे घर असून शनिवार-रविवारी ते आम्ही पर्यटकांना देतो. गच्चीवर सहा जण बसतील असा १२०० लिटरचा हॉट टब आहे. त्यात बोअरचे पाणी भरतो आणि तापमान ३८ अंशांवर ठेवतो. शनिवारी सकाळी तळ स्वच्छ दिसतो, पण रविवारी दुपारपर्यंत पाणी तांदळाच्या धुवणासारखे होते, क्लोरीनचा उग्र वास सुटतो आणि पाहुण्यांचे डोळे चुरचुरतात. मागच्या आठवड्यात एका लहान मुलीच्या अंगावर, नेमके पोहण्याच्या पोशाखाखालच्या भागात, लाल पुटकुळ्या उठल्या. तेव्हापासून मला स्वस्थ झोप लागलेली नाही.

पोहण्याच्या तलावात वापरतात त्या क्लोरीनच्या गोळ्या आम्ही तरंगत्या डबीत ठेवतो. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक नळाच्या पाण्यासाठी ओटी टेस्टची जी बाटली वापरतात, तीच मी आणली. तिने पाणी गडद पिवळे होते, म्हणजे क्लोरीन भरपूर असावे. घर सांभाळणारे काका गढूळपणा बसावा म्हणून तुरटी फिरवतात. पाणी तीन महिन्यांत बदललेले नाही. हीटरच्या नळीवर पांढरा थरही धरला आहे. गोळ्या बंद करून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकावी का, की क्लोरीनच कमी करावे?

निवृत्त केमिस्ट

आपण मुलीच्या पुटकुळ्यांचा उल्लेख केलात हे फार चांगले झाले, कारण तिथूनच सुरुवात करायला हवी. पोशाखाखाली, जिथे टबचे पाणी कापडात धरून राहते तिथे उठणारे असे पुरळ बहुधा स्यूडोमोनास या जिवाणूमुळे येते आणि पाण्यात जिवाणू मारणारे क्लोरीन पुरेसे नव्हते असे ते सांगते. त्या कुटुंबाला फोन करून डॉक्टरांना दाखवण्यास सांगा आणि हॉट टबमध्ये बसल्याचे डॉक्टरांना आवर्जून कळवायला सांगा. तोवर टब बंद ठेवा.

आता वासाविषयी. उग्र वास म्हणजे क्लोरीन जास्त, हा समज उलटा आहे. घाम, त्वचेचे कण आणि लघवी यांतील नायट्रोजनशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. वास त्यांचा असतो आणि डोळेही त्यांच्यामुळेच चुरचुरतात. ओटी टेस्ट मोकळे आणि असे अडकलेले क्लोरीन यांत फरक करत नाही, म्हणून आपल्याला गडद पिवळा रंग दिसला. आपल्याला डीपीडीचा संच लागेल, जो मोकळे क्लोरीन गुलाबी रंगाने वेगळे दाखवतो. एक सावधगिरी बाळगा. क्लोरीन १० पीपीएमच्या (लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या) बरेच वर गेले असेल तर चाचणीच्या नळीत क्षणभर गुलाबी झाक येऊन पाणी पुन्हा बिनरंगी होते आणि क्लोरीन शून्य आहे असे वाटते. तशी शंका आली तर नमुना आरओच्या पाण्याने पाचपट पातळ करून पुन्हा तपासा.

खरा दोष गोळ्यांचा आहे. त्या ट्रायक्लोरच्या असणार. त्यांतून १० पीपीएम क्लोरीन मिळते तेव्हा सोबत सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक आम्ल पाण्यात उतरते आणि ते उडून जात नाही, साचत राहते. रोज ५ पीपीएम क्लोरीन खर्ची पडले असे धरले तरी तीन महिन्यांत हे आम्ल अडीचशेच्या वर जाते. ते क्लोरीनला धरून ठेवते, त्यामुळे चाचणीत आकडा दिसतो, पण जिवाणू मरण्याचा वेग मंदावतो. उघड्या तलावात उन्हापासून क्लोरीन वाचवायला ते थोडे उपयोगी पडते. हॉट टबमध्ये मात्र ते नको, असे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचेही सांगणे आहे. साचलेले आम्ल काढण्याचा व्यवहार्य मार्ग एकच, पाणी बदलणे.

टीसीएल पावडर नको. तिच्यात चुना असतो, आपले बोअरचे पाणी आधीच जड आहे, आणि हीटरवरचा थर त्याने वाढेल. शिवाय ट्रायक्लोरची डबी किंवा चमचा टीसीएलसारख्या हायपोक्लोराइटच्या पावडरीला लागला तर आग किंवा स्फोट होऊ शकतो, हे काकांना समोर बसवून सांगा. क्लोरीनच्या औषधात ॲसिडही कधी मिसळायचे नाही, कारण त्यातून विषारी वायू सुटतो. तुरटीनेही अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल जिरवण्याची क्षमता, खर्च होते, सामू (पीएच) घसरतो आणि तिचा गाळ फिल्टरच्या चुण्यांत अडकतो.

१० टक्क्यांचे ताजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण वापरा. १२०० लिटरमध्ये ३ पीपीएम वाढवायला त्याचे सुमारे ३६ मिलिलिटर पुरतात. मोकळे क्लोरीन ३ ते ५ आणि सामू ७.२ ते ७.६ ठेवा. सामू ७.५ च्या आसपास असताना मोकळ्या क्लोरीनपैकी जवळपास निम्मेच जोरदार मारक रूपात असते आणि ८ ला ते पाव हिश्श्यावर येते, म्हणून आधी सामू सुधारल्याशिवाय क्लोरीन ओतत राहण्यात अर्थ नाही.

हे सारे इतक्या कळकळीने लिहिण्यामागे कारण आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये नेदरलँड्समधील बोवेनकार्स्पेल येथे भरलेल्या फुलांच्या प्रदर्शनात नुसत्या दाखवण्यासाठी चालू ठेवलेल्या टबमधून उडालेल्या तुषारांतून लिजिओनेला हा न्यूमोनिया घडवणारा जिवाणू पसरला आणि किमान ३२ माणसे दगावली. ती माणसे टबमध्ये बसली नव्हती, शेजारून चालत गेली होती. ३८ अंशांचे, बुडबुड्यांनी हवेत उडणारे आणि क्लोरीन नसलेले पाणी या जिवाणूला फार मानवते.

मिनेसोटावासी

वरील उत्तर नेमके आहे. मी केवळ रोजच्या सवयींपुरते लिहितो, कारण आमच्याकडे घराच्या मागे बारा वर्षांपासून टब आहे.

पाणी गढुळण्यात तेलाचा वाटा फार मोठा असतो. आमच्याकडे आईबाबा आले की आई सकाळी डोक्याला खोबरेल लावून टबमध्ये बसत असे आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या रेषेवर बोटाला चिकटणारी पिवळट कड दिसे. तेल, सनस्क्रीन आणि कपड्यांत राहिलेला साबण ही सारी क्लोरीनची भूक वाढवणारी मंडळी आहेत. म्हणून टबमध्ये उतरण्याआधी अंघोळ सक्तीची करा आणि पोशाख फक्त साध्या पाण्यात खळबळून घ्यायला सांगा.

फिल्टर दर आठवड्याला काढून पाइपच्या धारेने प्रत्येक चुणी उघडून धुवा आणि महिन्यातून एकदा फिल्टर क्लीनरच्या पाण्यात रात्रभर भिजवा. दोन फिल्टर ठेवले तर एक वाळत असताना दुसरा चालतो. घरच्या टबसाठी आम्ही एक ढोबळ हिशेब वापरतो. लिटरला ११ ने भागावे आणि येणाऱ्या आकड्याला रोज बसणाऱ्या सरासरी माणसांनी भागावे, म्हणजे किती दिवसांनी पाणी बदलायचे ते कळते. मात्र हा हिशेब आपल्याला लागू करू नका. ब्रिटनमध्ये भाड्याच्या घरांतील टबसाठी पाहुण्यांचा प्रत्येक गट गेल्यावर, किंवा निदान आठवड्याला, पाणी बदलण्याचे मार्गदर्शन आहे. अनोळखी लोक येणार असतील तर तेच योग्य.

मुळशीचे यजमान

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. त्या कुटुंबाशी बोललो. मुलीला डॉक्टरांनी तपासले असून पुरळ उतरत आहे.

पाणी सोडण्याआधी पाइप साफ करण्याचे औषध टाकून तासभर सर्व जेट चालू ठेवले, तेव्हा चहापत्तीसारखे काळपट तुकडे आणि बुळबुळीत पापुद्रे फेसासोबत वर आले. वरून स्वच्छ दिसणाऱ्या टबच्या नळ्यांत हे सारे होते, हे पाहून पोटात कालवले. आता नवे पाणी भरले आहे. अल्कलिनिटी २९० पीपीएम, जडपणा ४१० पीपीएम आणि सामू जेट चालवल्यावर ८.२ पर्यंत चढतो. शिवाय एप्रिल-मे मध्ये दर आठवड्याला १२०० लिटर फेकणे मनाला पटत नाही.

निवृत्त केमिस्ट

अल्कलिनिटी इतकी असताना बुडबुड्यांनी कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सामू चढतोच. सोडियम बायसल्फेट ही आम्लधर्मी पूड घ्या. १२०० लिटरमध्ये सुमारे ३० ग्रॅमने अल्कलिनिटी १० ने उतरते. एकदम न टाकता पंप चालू ठेवून, झाकण उघडे ठेवून, थोडे थोडे टाका, जेट चालवून सामू वर येऊ द्या, आणि मोजून पुन्हा टाका. ८० ते १०० वर थांबा. औषध नेहमी पाण्यात घालावे, औषधावर पाणी ओतू नये.

जडपणा औषधाने जात नाही. सॉफ्टनरचे किंवा छतावरचे पावसाचे गाळलेले पाणी निम्मे मिसळून तो २०० च्या आसपास आणा. पावसाळ्यात मुळशीला त्याची वाण नसावी. हीटरवरचा आधीचा थर मात्र तंत्रज्ञाकडूनच काढून घ्या.

सोडायचे पाणी झाकण उघडे ठेवून दोन दिवस उन्हात राहू द्या. डीपीडीने क्लोरीन शून्य दिसले की ते नारळ-आंब्याच्या आळ्यात फिरवून-फिरवून घाला, रोज एकाच झाडाला नको.