गिटारचे कॉर्ड ऐकून उतरवताना आधी वरचा स्वर, मग खालचा

"वेग निम्मा करा आणि एकेक स्वर कानाने पकडा" हा रेकॉर्डिंग ऐकून गिटार लिहून काढणाऱ्यांना दिला जाणारा सल्ला सोलोसाठी, म्हणजे एकेका स्वराच्या ओळीसाठी, अगदी बरोबर आहे. कॉर्डच्या व्हॉइसिंगला, म्हणजे त्यातले स्वर खालून वर कसे मांडलेत ते ओळखायला, तो पुरत नाही. चार स्वर एकदम वाजतात आणि मधले दोन एकमेकांत मिसळून जातात, कितीही हळू केलं तरी. तिथे सर्वांत वरचा स्वर गाऊन पक्का करायचा, मग गिटारचा सर्वांत खालचा, आणि मधले हाताला काय जमतं त्यावरून शोधायचे. समजा कॉर्ड सी मेजर सेव्हन (सी-ई-जी-बी) आहे, वर बी आणि खाली जी ऐकू येतोय. मग चौथ्या, तिसऱ्या, दुसऱ्या तारेवर ५वा फ्रेट आणि पहिलीवर ७वा धरून पाहा. हे नेहमीचं ड्रॉप टू व्हॉइसिंग आहे, म्हणजे वरून दुसरा स्वर एक सप्तक खाली आणलेला.

खरी गफलत होते ती रूटबाबत, म्हणजे कॉर्डला ज्याचं नाव मिळतं त्या मूळ स्वराबाबत. गिटारचा खालचा स्वर म्हणजे रूट असं धरूच नका, रूट बहुतेकदा बास वाजवणाऱ्याकडे असतो. गिटारवर ई-जी-बी आणि बासवर सी असेल, तर तो ई मायनर नव्हे, सी मेजर सेव्हन. म्हणून कॉर्डचं नाव ठरवण्याआधी बासची ओळ वेगळी लिहून काढा. शिवाय प्रत्येक कॉर्डमध्ये चार स्वर असतीलच असंही नाही. काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये १९३७ साली आलेल्या गिटारवादक फ्रेडी ग्रीनच्या ऱ्हिदममध्ये (तालाला धरून वाजवलेल्या कॉर्डमध्ये) अनेकदा चौथ्या तारेवरचा एकच स्वर स्पष्ट ऐकू येतो. तिथे एकच लिहा.