क्युनिट्झच्या कवितेतल्या 'लिटर'ला (litter) मराठीत काय म्हणू? पातेरा चालेल का?

माडाखालून (गुहागर)
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा एक कवी घेऊन बसतो. जुलै माझ्याकडे आहे आणि मी स्टॅन्ली क्युनिट्झ घेतलाय, 29 जुलै त्याचा जन्मदिवस म्हणून. 1905 साली मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी जन्मला आणि 2006 च्या मे महिन्यात गेला, म्हणजे शंभरी पूर्ण करून. 95 व्या वर्षी अमेरिकेचा पोएट लॉरिएट, म्हणजे राष्ट्रकवी झाला, त्या वयात आपल्याकडे माणसाला साधं बाजारातसुद्धा एकटं सोडत नाहीत.

आता अडचण. 'द लेयर्स' ही त्याची सत्तरीनंतरची कविता मी मराठीत करतोय. आपण कितीतरी आयुष्यांतून चालत आलो, त्यातली काही आपलीच होती असं तो म्हणतो, मागे वळून बघतो, जवळची माणसं गेलेली असतात, आणि अगदी अंधारलेल्या वेळी ढगातून आवाज येतो की थरांमध्ये राहा, 'लिटर'वर, म्हणजे वर विखुरलेल्या कचऱ्यावर, राहू नकोस. मी लिटरला पातेरा, म्हणजे झाडाखालचा वाळका पालापाचोळा, असं लिहिलं. बायकोने वाचलं आणि म्हणाली, पातेरा वाईट कधीपासून झाला? आपणच तर पोती भरभरून आणतो ना माडाच्या आळ्यात घालायला! आता अडकलोय. दुसरा शब्द सुचवा, आणि याच्या अजून कुठल्या कविता घेऊ तेही सांगा, तासभर वेळ आहे.

सड्यावरची
दादा, वहिनींचं शंभर टक्के बरोबर आहे. आणि हा माणूस स्वतः पक्का बागायतदार होता, त्याला तर पातेरा हा शब्द मुळीच पटला नसता. 1962 साली त्याने प्रॉव्हिन्सटाउनला, म्हणजे केप कॉडच्या अगदी टोकाला समुद्राजवळ घर घेतलं, पुढे नुसता वाळूचा उतार. त्याने विटांचे बांध घालून टप्पे केले, किनाऱ्यावरचं शेवाळ वाहून आणलं, कंपोस्ट कालवलं आणि वर्षानुवर्षं तेच करत त्या वाळूची माती केली. माझ्या सासूबाईंचं आगर पुळणीला लागून आहे, लग्न होऊन आले तेव्हा निम्मं आगर पांढरं दिसायचं. तिथे त्यांनी मासळीचं खत, शेण, पातेरा घालून घालून आता फावडं मारलं तर वीतभर काळी माती लागते, खाली अजून वाळूच आहे. मला 'लेयर्स' म्हटलं की तीच वीत दिसते. 'थर'च ठेवा, 'स्तर' नको, स्तर म्हटलं की सरकारी अहवाल आठवतो.

निवृत्त_मास्तर
थरला माझंही मत. लिटरसाठी 'पसारा' बघा. पातेरा कुजतो, उकिरडासुद्धा कुजून शेतात जातो, कोकणात टाकाऊ असं फार काही नसतंच. पसारा मात्र नुसता वर पडून राहतो, त्याचं काही होत नाही. 'थरांत राहा, पसाऱ्यावर नको.' मोठ्याने म्हणून बघा.

पण सुरुवात 'द पोर्ट्रेट'ने करा अशी माझी कळकळीची विनंती आहे. हा जन्मायच्या काही आठवडे आधी वडिलांनी एका सार्वजनिक बागेत जीव दिला, आईने त्यांचं नावसुद्धा घरातून पुसून टाकलं, दुकान काढलं आणि पोरं वाढवली. कवितेत तो लहान मुलगा माळ्यावरून एक रंगीत खडूंचं चित्र घेऊन खाली येतो, मिशीवाला अनोळखी पुरुष, तपकिरी शांत डोळे, आणि आई एक शब्द न बोलता चित्राच्या चिंध्या करते आणि त्याच्या थोबाडीत मारते. शेवटी तो सांगतो की चौसष्टाव्या वर्षी अजून गाल जळतोय. संपली कविता. आईला दोष नाही, माफी नाही, समजूत नाही, फक्त गाल. मी वडिलांविना वाढलो, आमच्याकडेही फोटो भिंतीवर नव्हता, ट्रंकेत साड्यांच्या खाली होता, त्यामुळे ही कविता मी वर्गात एकदाच वाचली आणि पुन्हा वाचायची हिंमत झाली नाही. तुम्ही वाचा.

बंदरावरचा
सर, वाचून गलबलून आलं. माझ्याकडून 'द वेलफ्लीट व्हेल' घ्या, लांब आहे पण घ्याच. केप कॉडवर 63 फुटी देवमासा किनाऱ्याला लागला होता, ओहोटी लागल्यावर हा जवळ गेला, अंगावर हात ठेवला तर आत जीव जाणवत होता, आणि एकदम त्याने डोळा उघडून याच्याकडे बघितलं आणि मिटला तो कायमचा. लोकांनी तोवर कातडीच्या पट्ट्या सोलून नेल्या होत्या आठवण म्हणून, कोणी अंगावर आपली अक्षरं कोरली होती, हे सगळं कवितेत आहे. 2023 च्या दिवाळीत गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू आलं होतं तेव्हा मी दोरी ओढणाऱ्यांत होतो. ओली चादर टाकायची, पाणी मारायचं, परत चादर. हात लावला की रबरासारखं लागायचं, पण श्वास सोडला की अख्खं अंग थरथरायचं, ते हाताला कळायचं. इथे लोक सोलायला नाही, वाचवायला आले होते, तरी शेवटी गेलंच ते. तुमच्याकडच्या ऐकणाऱ्यांना ही कविता समजावून सांगावी लागणार नाही.

पुस्तकातली_वाळवी
एकच सांगते, कार्यक्रम 'बघा शंभर वर्षं जगला' असा करू नका. पहिलं पुस्तक 1930 ला, दुसरं 1944 ला, मध्ये चौदा वर्षं. हार्वर्डमधून पहिल्या श्रेणीत पास झालेल्या मुलाला तिथे शिकवायची नोकरी मिळाली नाही, ज्यू माणसाकडून इंग्रजी शिकायला इतर विद्यार्थ्यांना आवडणार नाही असं कारण सांगून. मग संदर्भग्रंथांच्या संपादनावर पोट भरलं. कवितेचं पुलित्झर पारितोषिक 1959 ला. आणि रशियन कवयित्री आना अख्मातोवाच्या कविता त्याने मॅक्स हेवर्डबरोबर इंग्रजीत आणल्या, म्हणजे तुम्ही आत्ता ज्या शब्दापाशी अडलाय तसल्या कामात तोही बसला होता, हे नक्की सांगा.

माडाखालून (गुहागर)
सगळ्यांचे आभार. 'पसारा' पक्का, बायकोनेही मान डोलावली. आधी पोर्ट्रेट, मग देवमासा, शेवटी थर. मास्तर, पोर्ट्रेट मी वाचतो, पण तुम्ही समोर बसायला या, येण्याजाण्याची सोय मी करतो. बंदरावरचे दादा, तुम्हालाही आमंत्रण, देवमाशानंतर दहा मिनिटं तुमची. जुलैत आमच्याकडे संध्याकाळी लाईट जातेच, येताना बॅटरी आणा.