अनुभव धागा: मैत्रेयी नावाच्या मुली आणि त्यांची माणसे

नौपाडा, ठाणे (धागा सुरू करताना)

आमच्या मुलीचे नाव 'मैत्रेयी' ठरले तेव्हा घरातल्या सर्वांनी ते आनंदाने स्वीकारले, पण अर्थ विचारला की प्रत्येकाचे उत्तर निराळे येई. कोणी 'विदुषी' म्हणे, कोणी 'मैत्री करणारी', तर कोणी 'याज्ञवल्क्यांची पत्नी' एवढ्यावर थांबे. बृहदारण्यक उपनिषदात ही स्त्री दुसऱ्या आणि चौथ्या अशा दोन अध्यायांत भेटते. घर सोडून निघालेले याज्ञवल्क्य मैत्रेयी आणि कात्यायनी या दोन पत्नींमध्ये वाटणी करू म्हणतात, तेव्हा मैत्रेयी विचारते की धनाने भरलेली सगळी पृथ्वी माझी झाली, तरी तिने मी अमर होईन का. 'नाही' असे उत्तर मिळाल्यावर ती म्हणते, 'येनाहं नामृता स्यां किमहं तेन कुर्याम्'; ज्याने मी अमर होणार नाही, ते घेऊन मी काय करू? माझ्या मते या नावाचा खरा अर्थ या प्रश्नात आहे, आणि नावांच्या पुस्तकातल्या एका शब्दात तो मावत नाही.

आपल्याकडे नवजात मुलांच्या नावांची वर्षवार क्रमवारी सरकार प्रसिद्ध करत नाही, त्यामुळे एखादे नाव किती रुळले हे शाळेच्या हजेरीपटांवरून आणि बारशाच्या आमंत्रणांवरूनच ताडावे लागते. म्हणून ठाणे आणि नवी मुंबईतल्या मैत्रेयींना, त्यांच्या आईवडिलांना आणि शिक्षकांना विनंती आहे, की हे नाव तुमच्या घरी कुठून आले आणि ते वागवताना काय अनुभव आला, हे सविस्तर लिहावे.

पाचपाखाडी, ठाणे (निवृत्त संस्कृत शिक्षिका)

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत हजेरीपटावर वर्षा, मनीषा, अपर्णा, संगीता ही नावे पुन्हापुन्हा येत आणि मैत्रेयी क्वचितच भेटे. पुढे ऋचा, गार्गी, मैत्रेयी, मृण्मयी अशी नावे वाढत गेली आणि निवृत्तीच्या सुमारास एकाच तुकडीत दोन मैत्रेयी असणे नेहमीचे झाले. शिकलेल्या पालकांना देवीच्या नावापेक्षा विदुषीचे नाव हवेसे वाटू लागले, हे त्याचे एक कारण मला दिसते. दुसरे कारण अगदी व्यवहारातले आहे. मघा नक्षत्राची चरणाक्षरे मा, मी, मू, मे अशी आहेत. सिंह राशीच्या मुलीसाठी 'म'वरून नाव शोधताना मीना, मीरा, माधवी ही नावे नात्यात आधीच झालेली असत आणि मग गाडी मैत्रेयीपाशी येई. बारशाला पोथी आणि आवड या दोघींचे समाधान करणारे नाव म्हणून ते पालकांनी निवडल्याचे मी अनेकदा ऐकले आहे.

अर्थाविषयी थोडे लिहिते. मैत्रेयी हे मुळात कुळावरून आलेले नाव आहे. मित्रयु नावाच्या ऋषीच्या वंशातला तो मैत्रेय आणि त्या वंशातली स्त्री ती मैत्रेयी. हे रूप नेहमीच्या नियमाने तयार होत नाही, म्हणून पाणिनीने अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात त्याची वेगळी नोंद केली आहे. 'मित्रयु' या शब्दातच मैत्रीची इच्छा असल्यामुळे मैत्रीचा अर्थ या नावाला अगदीच परका नाही, पण तो पूर्वजाच्या नावातून आलेला आहे. गर्ग कुळातली गार्गी आणि कात्य कुळातली कात्यायनी यांचेही तसेच.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक मैत्रेयीला वर्गात दाखवत असे. 'आत्मा वा अरे द्रष्टव्यः श्रोतव्यो मन्तव्यो निदिध्यासितव्यो मैत्रेयि' या वाक्यात तिचे नाव ऱ्हस्व इकारान्त आहे, कारण ते नदी शब्दाप्रमाणे चालणारे संबोधन आहे. आपले नाव हाका मारण्याच्या रूपात, मूळ वाक्यातच छापलेले पाहिले की मुलींचा चेहरा बदलतो. संबोधनाची विभक्ती त्यानंतर वेगळी शिकवावी लागत नसे.

ऐरोली, नवी मुंबई

माझे नाव मैत्रेयी आहे आणि आमच्या घरी उपनिषदे कधीच नव्हती. वडिलांनी हे नाव बुद्धांच्या मैत्रीवरून ठेवले. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांतली पहिली मैत्री, आणि पुढे येणार असलेला बुद्ध तो मैत्रेय, असे ते आम्हा भावंडांना समजावून सांगत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात, करुणा माणसांपुरती असते आणि मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी असते, म्हणून करुणेपाशी थांबू नये, अशी मांडणी आहे. वडिलांनी आमच्या प्रतीत त्या भागाखाली पेन्सिलने रेघ ओढून ठेवली आहे.

महाविद्यालयात माझे नाव ऐकून 'घरी संस्कृतचे वातावरण असेल' असे लोक गृहीत धरत आणि मी आमच्या घरचा अर्थ सांगितला की काही जण गप्प होत. ते गप्प होणे मला बोचत असे. नंतर मी याज्ञवल्क्य आणि मैत्रेयी यांचा संवाद मराठीतून वाचला आणि तो मला मनापासून आवडला. तरीही कोणी अर्थ विचारला तर मी वडिलांनी सांगितलेलाच आधी सांगते, कारण ज्याने नाव ठेवले त्याचा अर्थ पहिला, असे मला वाटते.

घंटाळी, ठाणे

पाचपाखाडीच्या बाईंनी कुळाच्या नावाचा उल्लेख केला, म्हणून आमच्या घरची गोष्ट लिहितो. आम्ही ऋग्वेदी आश्वलायन शाखेचे आहोत आणि माझे वडील रोज ब्रह्मयज्ञ, म्हणजे वेदपठणाचा नित्यविधी करत. त्यातल्या आचार्यतर्पणात, म्हणजे गुरुजनांची नावे घेऊन पाणी देताना, 'गार्गी वाचक्नवी, वडवा प्रातिथेयी, सुलभा मैत्रेयी' अशी तीन स्त्रियांची नावे येतात, आणि त्याच यादीत पुढे शौनक व आश्वलायन आहेत. वाचक्नवी आणि प्रातिथेयी यांच्याप्रमाणे इथे मैत्रेयी हे कुळाचे नाव आहे आणि त्या विदुषीचे स्वतःचे नाव सुलभा. माझ्या आईचे नाव सुलभा. मुलगी झाली तेव्हा वडील म्हणाले की नातीला मैत्रेयी म्हटले तर दोघींची मिळून एक ऋषी पुरी होते.

माझ्या आत्याला हे पटले नव्हते, कारण तर्पणातले नाव हसत्याखेळत्या मुलीला कसे ठेवायचे, अशी तिची शंका होती. आचार्यांचे तर्पण वेगळे आणि पितरांचे वेगळे, हे वडिलांनी तिला पोथी उघडून दाखवले तेव्हा ती शांत झाली आणि बारशाला कुंची तिनेच शिवून आणली. वडील आता नाहीत. तर्पणात स्त्रियांना आचार्य म्हणून पाणी दिले जाते, ही गोष्ट ते आल्यागेल्याला फार अभिमानाने सांगत, आणि आपल्या लोकांना ती पुरेशी ठाऊक नाही याचे त्यांना वाईट वाटे.

वाशी, नवी मुंबई

मी मैत्रेयी आणि माझी सगळी नोकरी बँकेत झाली. ज्या स्त्रीने धन नाकारले तिचे नाव लावून तू पैशांचे काम कसे करतेस, असे मला सत्कारापासून निरोप समारंभापर्यंत विचारले गेले आहे. हा प्रश्न संवाद नीट न वाचता विचारला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. याज्ञवल्क्य धनाला तुच्छ म्हणत नाहीत. साधने असलेल्या माणसांचे जीवन जसे असते तसे तुझे होईल, पण धनाने अमरत्वाची आशा नाही, इतकेच ते म्हणतात. पेन्शनीच्या व्याजावर घर चालवणाऱ्या वृद्धांच्या ठेवी मी वर्षानुवर्षे हाताळल्या आहेत. धनाने काय होते आणि काय होत नाही, हे वेगवेगळे ओळखणारी मैत्रेयी मला या कामात नेहमी जवळची वाटली.

कळवा, ठाणे

मैत्रेयी माझी धाकटी बहीण. मला कात्यायनीविषयी एकच सांगायचे आहे. उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात मैत्रेयीला 'ब्रह्मवादिनी', म्हणजे ब्रह्माविषयी चर्चा करणारी, म्हटले आहे आणि कात्यायनीला 'स्त्रीप्रज्ञा', म्हणजे सर्वसाधारण बायकांइतकी समज असलेली. वाटणीविषयी तिला काय वाटले, हे कोणी विचारलेले नाही. याज्ञवल्क्य निघून गेल्यावर ते घर आणि गाईगुरे कोणी तरी सांभाळलीच असतील. आमच्या आईने तेच केले, आणि म्हणूनच बहीण तत्त्वज्ञान शिकू शकली. ओळखीत एकाही मुलीचे नाव कात्यायनी नाही, याचे मला दुःख होते.

नेरुळ, नवी मुंबई

माझा अनुभव कागदपत्रांचा आहे. आमच्या इमारतीत बरीच तमिळ कुटुंबे आहेत आणि त्यांच्याकडे 'त'साठी इंग्रजीत 'टी'पुढे 'एच' लिहितात. शाळेत दाखला लिहिणाऱ्यांनी माझे नाव तसेच लिहिले आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर तेच उतरले, तर जन्मदाखल्यावर 'एच' नव्हता. पारपत्राच्या वेळी दोन्ही कागद जुळेनात. शेवटी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागला आणि त्यानंतर पॅन, आधार, बँक असे एकेक खाते दुरुस्त करत जावे लागले. देवनागरीत या नावाचे एकच रूप आहे, इंग्रजीत मात्र शेवटी 'वायआय' की दोन 'ई', हेही प्रत्येक जण आपल्या मनाने ठरवतो.

खारघर, नवी मुंबई

आमच्या मुलीचे बारसे व्हायचे आहे. हल्ली आजूबाजूला आर्या, अन्वी, मायरा, कियारा अशी नावे अधिक ऐकू येतात, त्यामुळे मैत्रेयी जुने वाटेल असे माझे सासरे म्हणतात, तर पत्नीला ते फार झालेले वाटते. वरचे सगळे वाचून आम्ही दोघांनी तेच ठेवायचे ठरवले आहे. नेरुळच्या ताईंना विचारायचे आहे, की जन्माची नोंद आत्ताच करावी की बारशापर्यंत थांबावे?

नेरुळ, नवी मुंबई

नोंदीसाठी थांबू नका, जन्मापासून २१ दिवसांत ती करून घ्या. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नावाशिवायही नोंद होते. नाव पुढे वर्षभरात विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. मात्र इंग्रजी अक्षरे दोघांनी आधी कागदावर लिहून पक्की करा, दाखला हातात आला की तिथेच खिडकीपाशी उभे राहून एकेक अक्षर ताडून पाहा आणि शाळेचा प्रवेशअर्ज त्या दाखल्यावरूनच भरा.