नवीन १२५ घेतली, चेन वाजतेय, हँडल डावीकडं वाटतंय. पहिली सर्व्हिसिंग शोरूमला का आपल्या मिस्त्रीकडं?

कोरेगाव_सातारा_शिफ्ट

नमस्कार मंडळी. पाडव्याला १२५ सीसी गाडी घेतली, आयुष्यातली पहिली नवीन गाडी, आत्तापर्यंत वडिलांची जुनी शंभर सीसीच चालवत होतो. रोज कोरेगाव ते सातारा एमआयडीसी जाऊन येऊन चाळीसेक किलोमीटर होतात, आत्ता ३१० किमी झालेत. प्रॉब्लेम असा आहे की गाडी सरळ चालवताना हँडल जरासं डावीकडं वळलेलं दिसतं, चेनमधनं कुरकुर आवाज येतो, गिअर पहिल्यातनं दुसऱ्यात जाताना अडकल्यासारखा होतो आणि स्पीडब्रेकरवर मागचं चाक दगडासारखं आदळतं. शोरूमला फोन केला तर म्हणाले नवीन गाडी आहे सेट व्हायला वेळ लागतो, पहिल्या सर्व्हिसिंगला बघू.

पहिली सर्व्हिसिंग पाचशे किलोमीटरला आहे. वडील म्हणतात शोरूमच्या नादाला लागू नको, आपल्या मिस्त्रीनं वीस वर्षं गाडी सांभाळली त्यालाच दाखव. मला भीती वॉरंटीची. सर्व्हिसिंगच्या आधी मी स्वतः घरी काय काय चेक करू शकतो आणि पुढं गाडी कुणाच्या हातात द्यावी, अनुभव असलेल्यांनी सांगा. हप्त्यावर घेतलीय, त्यामुळं जीव लागून राहिलाय.

कृष्णाकाठ_सांगली

भावा, आधी एक ध्यानात घे, "सेट व्हायला वेळ लागतो" हे इंजिन आणि ब्रेक पॅडबद्दल खरं आहे, हँडल आणि चेनबद्दल नाही. हँडल वाकडं असेल तर ते पाच हजार किलोमीटरला पण वाकडंच राहणार. मी सहा वर्षं एका सर्व्हिस सेंटरला फिटर होतो, आता मिरज रोडला स्वतःचं छोटं गॅरेज आहे, त्यामुळं दोन्ही बाजू बघितल्यात.

गाड्या कंटेनरमधनं येतात, दोऱ्यांनी आवळून बांधलेल्या असतात, टायरमधली हवा बऱ्याचदा जास्त असते. शोरूमला आल्यावर आरसे, लेगगार्ड, साडीगार्ड बसवायचं, बॅटरी चार्ज करायची, हवा, चेन, ब्रेक, क्लच सगळं मॅन्युअलप्रमाणं सेट करायचं आणि मग डिलिव्हरी द्यायची असं असतं. पण पाडवा आणि दसऱ्याला एका दिवसात इतक्या डिलिव्हऱ्या असतात की आदल्या रात्री दोन पोरं बसून सगळ्या गाड्या उरकतात, आम्हीपण उरकल्यात, खरं तेच सांगतो. त्यात धुणं आणि पॉलिश होतं, हवा कमी करायची राहून जाते. तुझं चाक दगडासारखं आदळतंय ना, पहिल्यांदा हवाच बघ. चेनकव्हरवर नाहीतर चिमट्यावर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर, स्टिकर असतो, त्यावर एकट्याला किती आणि डबलसीट किती ते लिहिलेलं असतं. सकाळी गाडी थंड असताना घराजवळच्या पंपावर मोज, वीस किलोमीटर पळवून गरम टायरवर मोजलं तर आकडा जास्तच दाखवणार.

आता चेन. गाडी डबल स्टँडवर घे, न्यूट्रल कर, इंजिन बंदच पायजे, चालू इंजिनवर चेनला बोट लावायचं नाही, बोटं गेलेली बघितलीत मी. खालच्या बाजूची चेन मधोमध बोटानं वर ढकल आणि खाली ओढ, वर-खाली मिळून साधारण २० ते ३० मिलिमीटर हलली पायजे, नक्की आकडा तुझ्या मॅन्युअलमध्ये बघ. चाक हातानं फिरवत चार ठिकाणी मोज आणि जिथं चेन सगळ्यात आवळलेली आहे तिथला आकडा धर. लोकांना वाटतं ढिली चेन वाईट, पण आवळलेली चेन त्याहून वाईट, कारण मागं माणूस बसला की चिमटा वर जातो, चेन अजून ताणते आणि भार बेअरिंगवर येतो, आवाज पण तिथनंच.

मग दोन्ही बाजूचे चेन आवळायचे ॲडजस्टर बघ. चिमट्यावर डावीउजवीकडं खुणा कोरलेल्या असतात, ॲडजस्टरचा काप डावीकडं ज्या खुणेवर आहे उजवीकडं पण त्याच खुणेवर पायजे. अर्ध्या खुणेचा जरी फरक असला तरी मागचं चाक तिरकं बसतं, गाडी एका बाजूला ओढते आणि माणूस नकळत हँडल वळवून ती सरळ ठेवतो. तुझ्या हँडलचं निम्मं दुखणं इथं असू शकतं. निम्मं कदाचित पुढं असेल, दोरीनं आवळताना फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाईप, क्लॅम्पमध्ये जरा फिरतो. ते बोल्ट सैल करून सरळ करता येतं, दहा मिनिटांचं काम आहे, पण ते त्यांच्याकडनंच करून घे, स्वतः पाना लावू नको.

आणि मागचा ब्रेक ड्रमचा असेल तर चेन हलवल्यावर ब्रेक पण परत सेट करावा लागतो. चाक मागं सरकलं की रॉड ताणला जातो, ब्रेक घासत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि ड्रम तापतो. हे निम्मे फिटर विसरतात. चाक हातानं फिरवून बघ, मोकळं फिरलं पायजे.

क्लच लिव्हरला टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळा प्ले पायजे. त्याहून जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर अडकतो, अजिबात नसेल तर क्लच घसरून प्लेटा जळतात. शेवटचं म्हणजे कोनसेट, हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ते बघायला दोन माणसं लागतात. डबल स्टँडवर एकानं मागनं दाबून पुढचं चाक उचलायचं, दुसऱ्यानं फोर्क खालनं धरून पुढंमागं हलवायचा, खटखट लागली तर ढिला आहे.

मेढा_सातारा_अपडाऊन

वरच्या दादांनी सेटिंगचं सगळं सांगितलंय, मी सर्व्हिसिंगबद्दल लिहिते. मी शिक्षिका आहे, रोज मेढा रोडनं गाडीवर येजा करते, पावसाळ्यात पण. माझ्या आधीच्या गाडीचं दुसऱ्याच वर्षी वाटोळं झालं आणि ते एका साध्या ऑइल बदलण्यात झालं. गॅरेजचं नाव घेत नाही. खालचा ड्रेन बोल्ट इतका आवळला की केसिंगचे आटे गेले. बोल्ट लोखंडाचा आणि केसिंग ॲल्युमिनियमचं, जोर जास्त झाला की मऊ धातू सोलून निघतो. त्यांनी मला काही न सांगता वर टेप गुंडाळून बोल्ट तसाच बसवून दिला. चार दिवसांनी शाळेच्या पार्किंगमध्ये गाडीखाली पंज्याएवढा काळा डाग दिसला, वाकून बघितलं तर बोल्टच्या टोकाला थेंब लोंबत होता. शेवटी लेथवाल्याकडनं नवीन आटे बसवून घ्यावे लागले. तेव्हापासनं गाडी देऊन ऑफिसला निघून जायचं मी सोडलं.

आता मी एवढंच बघते की तिथं उभं राहू देतात का. शोरूम असो का गॅरेज, "मॅडम तुम्ही वेटिंगला बसा" म्हणाले की विचारायचं काचेतनं माझी गाडी दिसेल का. जॉब कार्डवर माझ्या शब्दात तक्रार लिहून घेते. "जनरल चेकअप" एवढंच लिहिलं की तेवढंच होतं. तुम्ही लिहून घ्या: हँडल डावीकडं, चेन आवाज, गिअर अडकतो, हवा तपासणे. खाली सही करायच्या आधी वाचा, किलोमीटरचा फोटो काढा, बदललेला पार्ट परत मागा आणि ऑइल तुमच्यासमोर सीलबंद डब्यातनं ओतायला सांगा. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकल ऑइलचा दर्जा) लिहिलेलं असतं, आपल्या गाड्यांचा क्लच ऑइलमध्येच बुडलेला असतो म्हणून ते लागतं, कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो.

आणि एक, ज्या शोरूममधनं गाडी घेतली तिथंच फ्री सर्व्हिसिंग करायला पाहिजे असं काही नाही. त्याच कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठलंही चालतं. मी घेतली एकीकडं आणि सर्व्हिसिंग दुसरीकडं करते, कारण दुसरीकडचा सुपरवायझर तक्रार ऐकून स्वतः एक चक्कर मारून येतो. फक्त किलोमीटर किंवा दिवस, जे आधी होईल ते चुकवू नका, वॉरंटीचा वाद तिथंच होतो.

माणदेशी_पावणा

सगळं पटलं, पण गावच्या मिस्त्रीला एवढं पण मोडीत काढू नका. आटपाडी, खटाव, माण भागात बऱ्याच गावांपासनं शोरूम लांब असतं, रात्री चेन तुटली तर मिस्त्रीच येतो की धावून. माझं मत विचाराल तर फ्री सर्व्हिसिंग आणि वॉरंटी संपेपर्यंत अधिकृत सेंटर, त्यानंतर मिस्त्री, पण त्याला पण विचारा फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा दोष शोधायचा स्कॅनर आहे का. एप्रिल २०२० पासनंच्या बीएस६ गाड्या आहेत, कार्बोरेटरसारखा स्क्रू पिळून पिकअप वाढवायचे दिवस गेले. आणि हॉर्न, फॉगलाईटसाठी कुणाला मूळ वायर कापू देऊ नको, वायरिंगची वॉरंटी तिथंच संपते.

कागदं बघितलीस का? चेसिस नंबर १७ अक्षरी असतो, हँडलखालच्या पाईपवर कोरलेला असतो, तो आणि इंजिन नंबर बिलावर, विम्यावर आणि आरसीवर अक्षरन् अक्षर जुळतोय का बघ. फॉर्म २१ वर, म्हणजे शोरूमच्या विक्री दाखल्यावर, गाडी कुठल्या महिन्यात बनली ते लिहिलेलं असतं. टायरवर पण चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. सांगली-मिरज भागात घेणाऱ्यांनी हे जास्त बघावं, २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आम्ही जुनी असो नवी असो, गाडी घेताना एक्झॉस्टचे नट, स्पोक, सीटखालचे वायरचे कपलर यावर गंज किंवा गाळ आहे का बघितल्याशिवाय हात लावत नाही. हेल्मेट दिलं का गाडीबरोबर? ते द्यायचं नियमात आहे.

कोरेगाव_सातारा_शिफ्ट

मंडळी लय लय आभार, रविवारी सकाळी वडिलांना घेऊन सगळं चेक केलं. मागच्या टायरमध्ये ४२ हवा होती, स्टिकरवर एकट्याला २९ लिहिलंय! चेन जेमतेम एक सेंटिमीटर हलत होती. वडिलांनी चष्मा लावून खुणा मोजल्या, डावीकडं तिसऱ्या खुणेवर आणि उजवीकडं तिसऱ्याच्या अलीकडं, दादा म्हणाले तसाच अर्ध्या खुणेचा फरक. क्लच लिव्हर अंगठ्याएवढा मोकळा होता. सगळ्याचे फोटो काढले.

कागदं जुळली. हेल्मेट दिलं नव्हतं, मागितल्यावर आतनं आणून दिलं, आयएसआय मार्क बघून घेतलं.

पाचशे व्हायची वाट न बघता सोमवारी शिफ्ट सुटल्यावर गेलो. आधी म्हणाले आज गर्दी आहे, गाडी ठेवून जा. मी फोटो दाखवले आणि ताई म्हणाल्या तसं सगळं जॉब कार्डवर लिहून मागितलं, तसं सुपरवायझर स्वतः बाहेर आला. तिथंच उभा राहिलो. फिटरनं एक्सल नट सैल करून दोन्ही खुणा जुळवल्या, टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळणाऱ्या पान्यानं, आवळला, मागचा ब्रेक न सांगता परत सेट केला, त्याचं मला बरं वाटलं. फोर्कचे बोल्ट सैल करून पुढचं चाक गुडघ्यात धरून हँडल सरळ केलं. पाऊण तास लागला, पैसे घेतले नाहीत.

गिअर आता बराच हलका पडतोय. येताना माहुलीचा पूल ओलांडल्यावर रस्ता मोकळा होता, स्पीड कमी करून हँडल सैल धरून बघितलं, गाडी नाकासमोर चालली. वडील म्हणतात त्या फिटरचं नाव विचारून ठेव, पाचशेच्या सर्व्हिसिंगला त्याच्याच हातात दे. विचारून ठेवलंय. मिस्त्रीकाकांकडं पण गाडी दाखवायला नेली, त्यांनी चेनवर बोट ठेवून बघितलं आणि म्हणाले आता बरोबर हाय.