मदत हवी आहे: इंग्रजीच्या शिक्षकांसाठी 'दृश्य साक्षरता', पीपीटी आहे का?

खडूवाला: शुक्रवारच्या शिक्षण परिषदेत हा विषय, म्हणजे चित्र 'वाचायला' शिकवणं, माझ्या गळ्यात पडलाय. तयार पीपीटी असेल तर द्या. नेटवर सगळी संग्रहालयातली तैलचित्रं. उद्या रूपरेषा द्यायची आहे, लवकर सांगा.

रेवा: कितवीचे शिक्षक? वेळ किती? प्रोजेक्टर?

खडूवाला: शिक्षण परिषद म्हटल्यावर जिल्हा परिषदेच्याच शाळा की हो. पहिली ते पाचवी, पाऊण तास.

निवृत्त_गुरुजी: आधी पोरांना वाचता येऊ द्या. फोनिक्स घ्या, म्हणजे अक्षरांच्या आवाजावरून वाचन. माझ्या वर्गात दिवाळीपर्यंत 'कॅट-बॅट' पाठ असायचं.

रेवा: गुरुजी, विषय चित्राचा आहे. खडूवाला, पीपीटी सोडा. अमेरिकेतल्या अबिगेल हाउझेन आणि फिलिप येनावाइन यांच्या, चित्र बघून बोलतं करायच्या पद्धतीत तीनच प्रश्न आहेत: 'व्हॉट्स गोइंग ऑन इन धिस पिक्चर?', 'व्हॉट डू यू सी दॅट मेक्स यू से दॅट?', 'व्हॉट मोअर कॅन वी फाइंड?' खरा महत्त्वाचा दुसरा. आपल्याकडे 'व्हॉट इज धिस?' विचारतात, पोरं 'ट्री' म्हणतात, तास संपला.

चिकूवाडी: अमेरिकेतलं इथं चालत नाही. तिसरीतलं पोर इंग्रजीत उत्तर देणार?

रेवा: मराठीत देऊ दे. 'बाई दमलीय, कपाळाला हात लावलाय.' तेच शिक्षकानं इंग्रजीत म्हणायचं: 'शी लुक्स टायर्ड. हर हँड इज ऑन हर फोरहेड.' बरोबर-चूक ठरवायचं नाही. हे मास्तर लोकांना सगळ्यात जड जातं, म्हणून सत्रात त्यांनाच विद्यार्थी करा.

अण्णा_घाटावरचे: आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन घ्या. तो कधीच बोलत नाही, त्याचं वाक्य पोरांनी लिहायचं.

चिकूवाडी: त्याला त्या वेळचं राजकारण माहीत लागतं. त्यापेक्षा होमाई व्यारावाला यांनी काढलेला नेहरू कबुतर सोडतानाचा फोटो घ्या. कॅमेरा कुठं होता, चौकटीबाहेर काय राहिलं, हेही विचारता येतं.

अण्णा_घाटावरचे: म्हणजे माझ्यात राजकारण, आणि नेहरूंच्या फोटोत नाही? हल्ली तो फोटो लावा, परिषद तिथंच आटोपेल.

खडूवाला: इथं भांडू नका हो. प्रोजेक्टर बंद पडलेला आहे. रंगीत प्रिंटचे पैसे कोण देणार?

तारपा: प्रिंट कशाला? वारली चित्र मुळात गेरूवर पांढऱ्यानं काढतात, फळ्यावर खडूनं झकास जमतं. मधोमध तारपा वाजवणारा, भोवती नाचणाऱ्यांचा फेर. धड म्हणजे टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण. एक माणूस मुद्दाम फेराबाहेर काढा, मग बघा किती बोलतात.

निवृत्त_गुरुजी: फोनिक्सची पीडीएफ हवी असल्यास व्यक्तिगत निरोप करा.

खडूवाला: फेराबाहेरचा माणूस आवडला. पण रेवाताई, तो दुसरा प्रश्न आमच्याच लोकांना बोलायला अवघड जाईल. नुसतं 'व्हाय?' चालेल?

रेवा: 'व्हाय' म्हटलं की पोर गप्प होतं, त्याला वाटतं चुकलं. 'शो मी' म्हणा. फळ्याशी येऊन बोट ठेवू दे.